नगावर की किलोवर

दिवाणाच्या पेटीत गोधड्यांखाली गाडीच्या चार स्प्रिंगा. माळ्यावर गणपतीच्या मखरामागे स्टेनलेसचा हेडर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा, जुन्या चादरीत गुंडाळलेला. गॅलरीत वॉशिंग मशीनशेजारी पंधरा इंची अलॉय चाकांचा मनोरा, त्यावर कोरफडीची कुंडी. बुटाच्या खोक्यात टर्बो, इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं चक्र. शिवाय खाली पार्किंगमध्ये एक बकेट सीट, जिच्यावर सोसायटीची नोटीस येईपर्यंत वॉचमन बसणार आहे. बिल्डरने ब्रोशरमध्ये दोन बेडरूम लिहिल्या होत्या. तिथे एवढं मावतं हे त्यालाही ठाऊक नसेल.

हा सगळा माल विकायचा आहे. निदान घरात मी तसं सांगितलेलं आहे. हौसेने सजवलेली गाडी विकायला काढली की तिला मूळचं सामान परत चढवावं लागतं. जुनी गाडी घेणारा हेडरचे वेगळे पैसे देत नाही. उलट हेडर दिसला की ‘गाडी पोरांनी पिदडलेली दिसतेय’ म्हणून दहा हजार कापतो. मग गाडी जाते आणि सामान मागे राहतं. त्याचा दर घरात किलोवर लागतो आणि माझ्या डोक्यात नगावर. मधे जी माणसं येतात ती आपापला तिसराच काटा घेऊन येतात.

पहिलं काम धुण्याचं. चाकाच्या पाठीवर ब्रेकची धूळ असते, ती नुसती बसलेली नसते, पॅड-डिस्कमधले लोखंडाचे तापलेले कण रंगात रुतलेले असतात. डिशवॉश, जुना टूथब्रश आणि परात, एवढ्यावर काम होतं. ती परात पुन्हा स्वयंपाकघरात जात नाही, हा खर्च किमतीत धरावा. घाई करून बाथरूमचं ॲसिड ओतलं तर आधी लाखेचा थर जातो, मग चाक कायमचं पांढुरकं होतं. तुंबलेल्या बेसिनची पावडर तर अजिबात नको. तिच्यात कॉस्टिक सोडा असतो, अल्युमिनियमवर पडला की तो फसफसून धातूच खायला लागतो आणि वर हायड्रोजन सोडतो. स्प्रिंगांचा गंज घालवायलाही ॲसिड नको. कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं. स्प्रिंग मग दिसते नव्यासारखी आणि एखाद्या खड्ड्यात तुटते. तारेचा ब्रश घ्यावा आणि रविवार घालवावा. धुण्यालाही मर्यादा आहे. फार चकाचक पार्ट पाहिला की गिऱ्हाईक म्हणतं, “इतका का घासलाय?”

फोटो उन्हात काढावेत, तेही सकाळच्या. खाली आजचं वर्तमानपत्र, बाजूला पट्टी, कागदावर आपलं नाव. एवढं केलं की पार्ट खरंच आपल्याकडे आहे असं समोरच्याला वाटतं. पार्ट नंबर जिथे कोरला किंवा छापला असेल तिथला जवळचा फोटो हवाच. ओरखडा असेल तर तोही जवळून घ्यावा, कारण तो दिसणारच आहे. आपण आधी दाखवला तर पाचशे जातात, त्याने शोधला तर दोन हजार. हौशी विक्रेते हे सगळं सोडून फुलाफुलांच्या चादरीवर मधोमध टर्बो ठेवतात. तो बारशाला निजवल्यासारखा दिसतो. लोक नाव विचारतात, भाव विचारत नाहीत.

मग फोन सुरू होतात. चाक असो, हेडर असो, शॉकअप असो, पहिला प्रश्न एकच. “स्विफ्टला बसेल का?”

विचारणाऱ्याकडे स्विफ्ट असेलच असं नाही. ‘नमस्कार’ म्हणायची ही एक पद्धत आहे. पण उत्तर द्यावं लागतं, आणि चाकाच्या बाबतीत त्याला पाच आकडे लागतात. व्यास, रुंदी, पीसीडी, ऑफसेट आणि मधल्या भोकाचं माप. चाकाच्या पाठीवर, आऱ्याच्या आतल्या अंगाला ते बहुतेक कोरलेले असतात. ‘६.५ जे × १५ ईटी ३८’ म्हणजे साडेसहा इंच रुंद, पंधरा इंच व्यास, आणि ऑफसेट ३८, म्हणजे चाकाची गाडीला टेकणारी सपाटी मध्यरेषेपासून ३८ मिलिमीटर बाहेरच्या अंगाला. गिऱ्हाईकाला पाचांतला एकच आकडा माहीत असतो, तो म्हणजे इंच. त्याला पंधरा हवे असतात, मनात सतरा असतात आणि गाडीत मागे आईवडील बसणार असतात.

पीसीडी म्हणजे बोल्टांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. स्विफ्ट, होंडा सिटी, आय-२० यांना चार बोल्ट आणि १०० मिलिमीटर. जुनी मारुती ८०० आणि झेन, चार बोल्ट आणि ११४.३. फोर्डच्या आयकॉन आणि फिगोला चार बोल्ट आणि १०८. पोलो-व्हेंटोला पाच बोल्ट आणि १००, लॉराला पाच आणि ११२. आणि पॅलिओ, पुंटो, लिनिया या फियाटच्या पोरी चार बोल्टांवर, ९८ वर.

त्या ९८ ने जेवढे वाद घातलेत तेवढे पेठांतल्या वाटण्यांनीही घातले नसतील. १०० चं चाक फियाटच्या हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या चकतीवर चाक बसतं तिच्यावर, धरलं तर डोळ्याला बसलेलंच दिसतं. फियाटच्या हबमधून बाहेर आलेले स्टड नसतात, चाकातून थेट हबमध्ये बोल्ट जातो. पहिला बोल्ट सरळ जातो, समोरचा थोडा तिरका जातो, गॅरेजवाला गोटी पाना लावून अंगाचा जोर देतो आणि म्हणतो, “बसला की!” बसलेला नसतो. बोल्टचं शंकूसारखं टोक चाकाच्या बसकणीत एका अंगाने टेकलेलं असतं. शंभरेक किलोमीटर चाललं की तो सैल होतो. शंकू सुटा सरकणारे खास बोल्ट मिळतात, ते एवढ्या दोन मिलिमीटरसाठीच असतात. हे फोनवर समजावून सांगितलं की पलीकडून येतं, “दोन मिलिमीटरने काय होतंय हो?” हा माणूस घरी पडद्याचा रॉड लावताना दोन मिलिमीटरसाठी सुताराला तीनदा परत बोलावतो.

पाच भोकांचं चाक मोजायचं तर समोरासमोर भोकं नसतात, पट्टी आडवी लावून काही हाती लागत नाही. शेजारची दोन भोकं घ्यायची आणि एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजायचं. ५८.८ आलं तर पीसीडी १००, ६५.८ आलं तर ११२. शाळेतल्या लाकडी पट्टीने हा फरक दिसत नाही असं नाही, पण मोजणारा शेवटी आपल्याला हवं तेच वाचतो. व्हर्निअर घ्यावा.

एवढं जुळलं तरी मधलं भोक उरतंच. स्विफ्टच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिलिमीटर, सिटीचा ५६.१. त्यामुळे सिटीचं चाक आतून रिंग घालून स्विफ्टला चढतं, स्विफ्टचं चाक सिटीला चढत नाही. पीसीडी एक, गाव एक, जात एक, तरी सोयरीक एकाच बाजूने. बाजारातल्या अलॉयचं भोक मुद्दाम मोठं, बहुधा ७३.१ ठेवलेलं असतं आणि गाडीप्रमाणे रिंग घालायची असते. ती प्लास्टिकची पातळ रिंग चाकं काढताना हबवरच राहते आणि गाडीबरोबर विकली जाते. नव्या मालकाला मग ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरताना दिसतं आणि त्याचा फोन मला येतो. नटांचंही तसंच. मारुतीचा आटा १२ × १.२५, होंडाचा १२ × १.५. चुकीचा नट दोन आटे हाताने जातो, मग अडतो. तिथे थांबायचं असतं. गॅरेजात तिथे एअर गन लावतात.

पत्रिकेचे पाच आकडे जुळवून झाले की मंडळी प्रत्यक्ष पाहायला येतात. जुनी माणसं मडकं वाजवून घ्यावं तसं चाक वाजवतात. भेगाळलेलं चाक बद्द वाजतं खरं, पण न भेगाळलेलं चाकही टायर चढलेला असला की बद्दच वाजतं. खरी परीक्षा बॅलन्सिंग मशीनवर होते. चाक फिरवायचं आणि आतली कड नजरेला खालीवर होते का ते बघायचं. बाहेरची कड सरळ असून भागत नाही. आपल्या रस्त्यांवरचा खड्डा पहिल्यांदा आतली कड दुमडतो आणि ती कोणी फोटोत दाखवत नाही. वेल्डिंग केलेलं चाक असेल तर तसं सांगावं आणि कुंडीखालीच ठेवावं. टायरसकट विकत असाल तर गिऱ्हाईक नक्षी बघतं, तुम्ही त्याला बाजूवरचे चार आकडे दाखवा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर आणि रबर म्हातारं, असे टायर पुण्यात पुष्कळ निघतात. गाड्या शनिवारी धुतल्या जातात, चालवल्या जात नाहीत.

खरा तमाशा टर्बोचा. बुटाचं खोकं उघडलं की पाहुणा काही न विचारता बोट आत घालतो, चक्राचं टोक धरतो आणि हलवतो. टोक किंचित हलतं. त्याचा चेहरा डॉक्टरसारखा होतो.

“हलतंय.”

हलणारच. चक्राच्या दांड्याचं बेअरिंग घट्ट बसवलेलं नसतं. ते तेलाच्या पातळ थरावर तरंगतं आणि तेल निथळून गेलं की बाजूला थोडं हलतं. चालू गाडीत तेल दाबाने येतं, दांडा मधोमध धरला जातो आणि मिनिटाला लाख-दीड लाख फेरे मारतो. बघायचं असतं ते वेगळंच. दांडा आतबाहेर सरकतो का? तसा बोटाला कळेल एवढा सरकला तर थ्रस्ट बेअरिंग गेलं. बाजूला हलवून पाती घराला टेकतात का, घराच्या आतल्या भिंतीवर घासल्याची चकचकीत रेघ आहे का, पात्यांची टोकं दातरलीत का, हे बॅटरी मारून बघायचं. हवेच्या तोंडाशी तेलाचा पुसट ओलावा चालतो, थारोळं चालत नाही. टर्बो मरतो तो बहुतेक तेलाअभावीच. घाटातून तापून आलेली गाडी लगेच बंद केली की आतलं तेल तिथेच जळतं, त्याचा कोळसा होऊन वाट बुजते आणि पुढच्या खेपेला बेअरिंग कोरडं फिरतं. हे सांगताना माझा आवाज प्रवचनकारासारखा होतो हे मला कळतं. पाहुणा शांतपणे ऐकतो आणि म्हणतो, “ते बरोबर आहे. पण हलतंय म्हणजे थोडं कमी करा.”

येणाऱ्यांतला सर्वांत अवघड पाहुणा चाकणच्या कारखान्यातला इंजिनिअर. त्याच्या खिशात स्वतःचा डिजिटल व्हर्निअर असतो. तो चहा घेत नाही, शून्य तपासतो. “किती किलोमीटर वापरलाय?” असं विचारतो आणि ‘साधारण पंधरा हजार’ म्हटलं की ‘साधारण’ या शब्दाकडे बघत राहतो. त्याला आपण पार्ट का काढला हे हवं असतं, आणि त्याचंही कारण हवं असतं, मग त्या कारणाचंही. पाचव्या ‘का’ला उत्तर ‘घरात सांगितलं म्हणून’ असं निघतं, तेव्हा त्याचं समाधान होतं. तो घेत नाही. मात्र जाताना आपल्याच डिस्कची जाडी आपल्याला सांगून जातो.

ती डिस्क मोजायचीही एक गंमत आहे. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ‘मिन टीएच’ आणि पुढे आकडा. त्याच्या खाली गेली तर डिस्क संपली. साधा व्हर्निअर लावला की जाडी भरपूर येते, आणि विकणारा खुश होतो. पण पॅड कडेपर्यंत पोचत नाही, म्हणून कडेला न झिजलेली एक वरंबी राहते, व्हर्निअर तिच्यावर टेकतो. वरंबीच्या आत दोन्ही बाजूंना एकेक रुपयाचं सारखं नाणं धरायचं, नाण्यांसकट मोजायचं आणि दोन नाण्यांची जाडी वजा करायची. मग खरा आकडा येतो आणि डिस्कची किंमत साधारण त्या दोन नाण्यांएवढी उरते. भोकं पाडलेल्या डिस्कला भोकापासून निघणाऱ्या केसासारख्या चिरा बघाव्यात. कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा जबडा, विकत असाल तर ब्रेक ऑइलचं तोंड काढल्याक्षणी बूच मारून बंद करा. ते ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि पावसाळाभर उघडा राहिलेला कॅलिपर दिवाळीत पिस्टन अडकून निघतो.

कोल्हापूरकडचं गिऱ्हाईक याच्या अगदी उलट. तिथून फोन येतो तो रात्री अकराला. “दादा, बसतंय का न्हाय एवढंच सांगा. बाकीचं आम्ही बसवतोय.” या वाक्यातला दुसरा भाग ऐकून पोटात गोळा येतो. पण पैसे लगेच येतात आणि डिस्कची जाडी कोणी विचारत नाही.

शॉकअप आणि स्प्रिंगांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्या दिवाणातून काढायला दिवाणावरचा माणूस उठवावा लागतो. शॉकअप उभे ठेवावेत. दोन नळ्यांचा शॉकअप आडवा पडून राहिला की हवा चुकीच्या खोलीत शिरते आणि दांडा दाबला की सुरुवातीला पोकळ लागतो. उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबून ओढला की ठीक होतो. गिऱ्हाईक यायच्या आधी हे करून ठेवावं, त्याच्यासमोर केलं तर हातचलाखी वाटते. स्प्रिंगेवर छापलेला नंबर पुसू नये. एकाच गाडीच्या पेट्रोल आणि डिझेल मॉडेलच्या पुढच्या स्प्रिंगा वेगळ्या असतात, डिझेल इंजिन जड म्हणून. नंबर गेला की ती नुसतीच स्प्रिंग. एखादी ग्राइंडरने कापून बुटकी केलेली असेल तर विकू नये. कापलेलं टोक बसकणीत नीट बसत नाही आणि वेटोळं कमी झाल्याने ती उरते तीही जास्त कडक.

सुती एअर फिल्टर विकायला सोपा, धुवायला अवघड. गार पाण्याने आतून बाहेर धुवावा, सावलीत वाळवावा आणि त्याचं तेल बेताचं लावावं. पोळीला तूप लावावं तसं लावलं तर ते उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसतं आणि इंजिनाचा दिवा लागतो. त्याबद्दलचा फोनही मलाच येतो.

आता हेडर. माझ्या संग्रहातला तो नग ज्याला मी नगच म्हणतो. जुन्या सिटीच्या १.५ व्हीटेकचा, त्या १०६ बीएचपीवाल्या इंजिनाचा, चार नळ्यांच्या दोन, दोनाची एक, पूर्ण ३०४ स्टेनलेसचा. बघायचं ते जिथे नळ्या एकत्र येतात त्या वेल्डवर. चीर तिथेच पडते. इंजिनाला टेकणारी पट्टी टेबलाच्या काचेवर पालथी ठेवून खालून फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पाती सरकते का ते बघावं. तापून गार होऊन ती वाकते, मग नवं पॅकिंग टाकलं तरी फुसफुस जात नाही. ऑक्सिजन सेन्सर त्यात अडकलेला असेल तर २२ चा पाना आणि थोडी उष्णता लागते. थंड धातूवर जोर लावला की आटेही सेन्सरबरोबर बाहेर येतात. गरम राहावा म्हणून वर पट्टी गुंडाळलेला हेडर घ्यायचा तर पट्टी सोडून बघावा. साध्या लोखंडाचा असेल तर पट्टी ओल धरते आणि आत नळी चाळणी झालेली असते.

एवढं सांगून झालं की गिऱ्हाईक विचारतं, “आवाज कसा येतो?” तिथे मी गप्प होतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवलं. बदलामागे, गाडीमागे नव्हे. म्हणजे आरटीओचाही दर नगावरच आहे. आमच्या बाजूचं म्हणून जगात एक तेवढंच खातं. मग आम्ही जाहिरातीखाली लिहितो, ‘फक्त ट्रॅकवर वापरण्यासाठी’. ट्रॅक आहेत कोइंबतूरला, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि ग्रेटर नोएडाला. घेणारा असतो पुण्यातल्या धायरीचा.

सौदा ठरतो आणि खरी कसरत सुरू होते, पाठवण्याची. कुरिअरवाल्यांचा काटा वजनाचा नसतो, जागेचा असतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी पाच हजारांनी भागायचं, येईल ते किलो. जे जास्त ते लागू. चाकाला हे जमून जातं. ४५ × ४५ × २२ चं खोकं, म्हणजे जवळपास नऊ किलो, आणि चाकही त्याच्याच आसपास. हेडर मात्र वाकडातिकडा प्राणी, त्याला ८० × ५० × ४० चं खोकं लागतं. काट्यावर पाच किलो, बिलात बत्तीस. बंपरचं तर विचारूच नका. १८० × ५० × ४५ म्हणजे ८१ किलो. एका बोटाने उचलता येणारी प्लास्टिकची वस्तू कुरिअरच्या काउंटरवर पैलवान होते. तिथल्या मुलाला हे पटवायला मी खोकं डोक्यावर धरून दाखवतो. तो म्हणतो, “काका, सिस्टीम घेत नाही.”

म्हणून हेडर रात्रीच्या लक्झरीने जातो. स्वारगेटला किंवा कात्रजच्या थांब्यावर उभं राहायचं, किन्नरच्या हातात पैसे, डिकीत माल, गाडीच्या नंबराचा आणि ड्रायव्हरच्या मोबाइलचा फोटो घेणाऱ्याला पाठवायचा. पहाटे कोल्हापूरच्या तावडे हॉटेलपाशी कोणीतरी स्कूटरवर उभा असतो. या व्यवस्थेला पावती नाही, ट्रॅकिंग नाही आणि ती चुकल्याचं मला तरी आठवत नाही. बांधणी मात्र आपली आपण करायची. हेडरची पट्टी प्लायवूडच्या तुकड्यावर जुन्या बोल्टांनी आवळावी, म्हणजे सपाटीला मार लागत नाही. उघडी तोंडं पुठ्ठ्याने बंद करून वर गोणपाट घालावं. टर्बोची तेलाची आणि हवेची सगळी तोंडं टोपणांनी किंवा रुंद टेपने बंद करून मग पिशवीत घालावा. त्याच्याभोवती थर्माकोलचे दाणे भरू नयेत. एक दाणा तेलाच्या वाटेत गेला की पहिल्या स्टार्टला सगळा हिशोब संपतो. बोल्ट-वायसर वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव, आणि पिशवी पार्टलाच बांधलेली. नुसती खोक्यात टाकलेली पिशवी खोक्याबरोबर कचऱ्यात जाते.

पैशांचंही एक प्रकरण आहे. अधूनमधून एक अतिशय सज्जन माणूस फोन करतो. आपण सैन्यात आहोत, पोस्टिंग लांब आहे, माणूस पाठवून माल उचलू, पैसे आत्ताच देतो, फक्त हा कोड स्कॅन करून पिन टाका. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. पण त्याला ओळखायला एवढी माहितीही लागत नाही. तो पीसीडी विचारत नाही, स्विफ्टला बसेल का म्हणत नाही, आणि सांगितलेल्या किमतीला हो म्हणतो. पुण्यात सांगितलेल्या किमतीला हो म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवावा.

माल गेल्यावर आठवड्याने एक फोन येतो, “बसत नाही.” या फोनसाठी मी व्हर्निअर लावलेला व्हिडिओ जपून ठेवतो. बहुतेक वेळा पार्ट बसत असतो, त्याच्या आधी काढायचा होता तो पार्ट काढलेला नसतो. रिंग, पॅकिंग, वायसर, काहीतरी जुनं हबवर किंवा इंजिनाच्या डोक्यावर चिकटून असतं आणि त्यावरच नवं चढवणं चालू असतं. “आधी खरवडून बघा” असं सांगितलं की पलीकडे शांतता, मग मेकॅनिकचा पुसट आवाज, मग फोन कट. ही आभार मानायची पद्धत आहे.

उरलेल्या मालाचं काय? चार चाकांतलं एक वाकडं, मधल्या तीन टोप्या, किमान जाडीच्या खाली गेलेल्या डिस्का, आणि ज्याच्या हलण्यावर कोणाचंच समाधान होत नाही असा तो टर्बो. हे सगळं रविवारी सकाळी खाली आणतो. भंगारवाला हातगाडी लावतो. त्याच्या कमरेला दोरीवर लोहचुंबक असतं. डिस्कला हात लावून म्हणतो, “बीड,” म्हणजे ओतीव लोखंड. जुन्या सायलेन्सरच्या बाफलला चुंबक लावतो, चिकटतं, “लोखंड.” चाकावरची शिशाची वजनं पकडीने एकेक उपटून बाजूला काढतो, रबराचा व्हॉल्व्ह कापतो, “ॲल्युमिनियम, पण वाकडं सरळ एकच भाव.” आऱ्यावरचे आकडे तो वाचत नाही. तेवढ्यात न विकलेल्या हेडरकडे त्याचं लक्ष जातं, जो मी नुसता हवा लागावी म्हणून आणलेला असतो. चुंबक टेकवतो. चिकटत नाही. नळी उलटी करून वेल्डपाशी अंगठा फिरवतो, तिथेच, जिथे बघायचं असतं.

“एसेस आहे. तीनशेचारचा. चीर नाही. हा कशाला देताय साहेब?”

महिनाभरात हेडर बरोबर तपासणारा हा पहिला माणूस. मी त्याला चहा सांगतो. तो टर्बो उचलतो, चक्राला टिचकी मारतो, चक्र फिरत राहतं आणि तो ते थांबेपर्यंत बघतो.

“ह्यात तीन माल आहेत. हे बीड, हे ॲल्युमिनियम, आत दांडा. फोडून द्याल तर भाव चांगला बसेल.”

बीड मी त्याला देतो. वाकडं चाकही देतो. टर्बो त्याच्या हातातून घेऊन टोपणं लावतो आणि परत बुटाच्या खोक्यात ठेवतो.